यंदा पाण्यावर कोण

"भाताला पाणी सुटलंय," एलिजिओ बायकोच्या कानाशी पुटपुटला. "आणि सलामी बघ, मेणासारखी. ओरेस्तेनं हे कुत्र्यापुढेसुद्धा ठेवलं नसतं."

"गिळ मुकाट्यानं," ओर्नेला ओठ न हलवता म्हणाली. "ऐकेल ती."

ती म्हणजे नीवेस. ओरेस्ते जाऊन वर्ष होत आलं, तरी ओर्नेलाच्या तोंडी अजून 'ओरेस्तेची बायको' हेच यायचं. 'विधवा' हा शब्द ती टाळायची.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी ओरेस्तेच्या घरी पानिस्सा व्हायचा. राजमा आणि डुकराच्या मांसाची सलामी घालून शिजवलेला आपल्या उत्तर इटलीतल्या वेर्चेल्लीचा भात. पातेल्याजवळ ओरेस्ते कुणाला फिरकू द्यायचा नाही. भात संपेपर्यंत नोव्हेंबरची सहल ठरलेली असायची. सहल म्हणजे खायला जाणं. लोक चित्रं बघायला जातात, पुतळे बघायला जातात; ही मंडळी आतड्याची भाजी कुठे चांगली मिळते ते बघून गाव ठरवायची. इतक्या वर्षांत ती एकाच चर्चमध्ये शिरली होती, आणि तेही तुल्लिओला संडास हवा होता म्हणून.

"फ्रिउलीला जाऊ," तुल्लिओ म्हणाला. तो निवृत्त पोस्टमन. लग्न केलं नाही, त्यामुळे सगळ्यांच्या घरी जेवायला मोकळा. "बटाट्याचं आणि चीजचं ते कुरकुरीत थालीपीठ, वर पांढरी वाइन. आणि तिथलं हॅम! मांस म्हणावं की लोणी, कळत नाही."

"तुला लेका काहीच कळत नाही," एलिजिओ म्हणाला. "त्यापेक्षा समुद्राकडे जाऊ. खाली पुलियाला. कच्चे शिंपले, लिंबू पिळून."

"तुझ्या पोटाला? गेल्या खेपेला शिंपल्यांनी तुला रात्रभर देव दाखवला होता."

नेहमीसारखीच बोलणी चालली होती. फक्त एकही गाव डोंगरातलं नव्हतं. तुल्लिओ पूर्वेला पळत होता, एलिजिओ दक्षिणेला, आणि ओर्नेला भातातले राजमे एका बाजूला सारत दोघांचं पळणं बघत होती.

"वाल्तेल्लिना," नीवेस म्हणाली.

ती भांडं घेऊन उभी होती. भात उरला होता. या घरात भात उरायची ही पहिलीच वेळ.

"त्या डोंगरांत गेल्या वर्षीच गेलो होतो की," तुल्लिओ म्हणाला.

"तुम्ही गेला होतात. माझी आई तापानं फणफणली होती, मी कुठे आले? खोल्या मी सांगून ठेवल्यात. तीच खाणावळ. ओरेस्तेनं शेवटचं पोटभर जेवण जिथे केलं तिथे मला जेवायचंय. त्यानं खाल्लं तेच. कोबी-बटाटा घातलेल्या त्या कुट्टूच्या पिठाच्या पट्ट्या, आणि ती काय ती तिथली लाल वाइन, स्फोर्त्सातो. शेवटपर्यंत बोलत होता त्याबद्दल." तिनं मुलीकडे बघितलं. "आणि मार्त्सिया येतेय. गाडीत पुढे, बापाच्या जागी."

मार्त्सिया सत्ताविशीतली पोर, दाताच्या डॉक्टरकडे कामाला. पाय बापासारखे लांबलचक. ती हसून म्हणाली, "एलिजिओकाका, मला ते वळणही दाखवा हं. जिथे डुक्कर आडवं आलं."

"दाखवीन की," एलिजिओ म्हणाला आणि त्यानं ग्लास भरला. जेवायला बसल्यापासूनचा तिसरा. ओर्नेला मोजत नव्हती. तिला मोजावं लागत नसे.

या सहलीचा एक नियम होता. सगळं ठरलं की ग्रिस्सिनीच्या, म्हणजे पावाच्या लांब कुरकुरीत काड्यांपैकी एक मोडून आखूड करायची आणि ज्याचं घर त्यानं सगळ्या मुठीत धरायच्या. आखूड काडी ज्याच्या हाती येईल, तो 'पाण्यावर'. त्यानं गाडी चालवायची आणि सबंध सहलीत वाइनला शिवायचं नाही. गेल्या वर्षी ती एलिजिओला आली होती.

आणि एलिजिओचं तर सुट्या वाइनचं दुकान. लोक रिकामे बुधले घेऊन यायचे आणि हा पिंपाची तोटी सोडण्याआधी दर वेळी घोटभर चाखायचा. 'चाखणं म्हणजे पिणं नव्हे,' हे त्याचं जन्मभराचं म्हणणं. वाल्तेल्लिनातल्या पहिल्या तळघरात त्यानं प्रामाणिकपणे चूळ भरून थुंकलं. दुसऱ्यात थोडं थुंकलं. संध्याकाळी खाणावळीत पांढरा टेबलक्लॉथ होता, तिथे कुठे थुंकणार? आणि ओर्नेलानंच आपला ग्लास त्याच्याकडे सरकवला होता. "सांग बरं, यात चेरीचा वास आहे की नाही?" कौतुकानं सरकवला होता. त्यानं डोळे मिटून सांगितलं, चेरी आहे, जरा दालचिनीही आहे. डोळे उघडले तेव्हा ग्लास रिकामा होता. मग तिनं पुन्हा विचारलं. पुन्हा सरकवला.

उतारावरच्या वळणावर गाडी सरळ गेली. द्राक्षमळ्याच्या दगडी बांधाला घासली आणि चरात बसली. तुल्लिओनं फोन काढला. पुढच्या सीटवर ओरेस्ते डाव्या बरगडीवर हात धरून हसत होता.

"ठेव तो फोन," तो म्हणाला. "अँब्युलन्स आली की मागून पोलीस येतात. याचं लायसन्स जाईल. मला काही झालेलं नाही, पट्टा रुतलाय नुसता. डुक्कर आडवं आलं म्हणा. रानडुक्कर. हे एवढं!" त्यानं एका हातानं माप दाखवलं. दुसरा हात त्यानं बरगडीवरून काढला नव्हता, हे ओर्नेलाला मागाहून आठवलं. तेव्हा सगळे हसले होते, पोट धरून. मळ्यावाल्यानं ट्रॅक्टर लावून गाडी बाहेर ओढली.

दोन दिवसांनी ओरेस्ते याच स्वयंपाकघरात कांदा सोलता सोलता खाली बसला तो उठलाच नाही. प्लीहा फुटली होती. त्याच संध्याकाळी आणलं असतं तर, एवढं बोलून डॉक्टर थांबला होता.

डुक्कर मात्र वाढत गेलं. तुल्लिओनं त्याला सुळे दिले. एलिजिओनं मागे दोन पिल्लं लावली. प्रेतयात्रेच्या दिवशी पाद्रीबाबा वेदीवरून म्हणाले की मुक्या जनावराला दोष देऊ नये, आणि पहिल्या बाकावर बसलेल्या नीवेसनं मान डोलावली.

"घ्या," आता नीवेस म्हणाली. तिच्या मुठीतून काड्यांची टोकं डोकावत होती.

तुल्लिओ जन्मभर सायकलवर, म्हणून तो कधी काडी ओढायचा नाही. मार्त्सियाला लांब आली. ओर्नेलानं ओढली, तीही लांब. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिला लांब काडीचं वाईट वाटलं. एलिजिओनं आपली आखूड काडी बोटांत धरून फिरवली.

"बरं झालं," नीवेस म्हणाली. "तुझ्याइतकं सांभाळून कोण चालवतं? ते डुक्कर मध्ये आलं नसतं तर..."

तुल्लिओ ताटात बघायला लागला.

"या खेपेला ट्रेननं गेलो तर?" ओर्नेला म्हणाली.

"ट्रेननं? आणि डोंगरावरच्या तळघरांत काय पायी चढायचं? तुझ्या गुडघ्यांनी?"

"मग मी चालवते."

"तुला मोतीबिंदू आहे, ओर्नेला. परवा तू माझ्या मांजराला गुड मॉर्निंग म्हणालीस, शेजारीण समजून." नीवेस हसली नाही. "काडी पडलीय ना? मग झालं. ओरेस्ते काडीचा मान ठेवायचा."

तुल्लिओला तर गाडी येतच नव्हती; मायलेकींपैकी कुणाला सांगावं, तर पुन्हा काडीचा मान आडवा येणार. उरलं एकच वाक्य. एलिजिओनं चालवू नये. पण ते वाक्य टेबलावर ठेवलं की नीवेस विचारणार, का? आणि मग डुक्कर मरणार. तुल्लिओला ते ठाऊक होतं. एलिजिओलाही ठाऊक होतं, आणि म्हणूनच तो कुणीतरी बोलेल अशी वाट बघितल्यासारखा एकेकाच्या तोंडाकडे बघत होता. शेवटी त्याचा हात बाटलीकडे गेला.

"पाण्यावर आहेस ना रे?" तुल्लिओ म्हणाला. चेष्टेत म्हणायला गेला होता, पण आवाज फाटला.

"नोव्हेंबर कुठे आलाय अजून? चाखतोय नुसतं."

वर्षभर हेच चाललं होतं. दुकान उघडलं की चाखणं सुरू. गिऱ्हाईक नसलं तरी.

मार्त्सियानं आपली खुर्ची एलिजिओच्या उजव्या बाजूला ओढली, पाय टेबलाखाली लांब केले आणि गाडीत बसल्यासारखी रेलली. "काका, बघा, मावतात का माझे पाय? पप्पा तुमच्या गाडीतल्या पट्ट्याला शिव्या घालायचे. परत आले तेव्हासुद्धा तेच. इथे रुतला म्हणत होते." आणि तिनं दाखवण्यासाठी स्वतःच्या डाव्या बरगडीवर तळवा ठेवला.

नेमका तिथेच.

एलिजिओच्या हातातली काडी मोडली. आखूड होती, तिचे आणखी दोन तुकडे झाले. गॅसवर कॉफीचं भांडं खदखदायला लागलं होतं, पण नीवेस उठली नाही. ती ओर्नेलाकडे बघत होती. आज दारातून आत घेतल्यापासूनच तशी बघत होती, हे ओर्नेलाला आत्ता कळलं.

"मार्त्सिया, ऊठ तिथून," ओर्नेला म्हणाली.

"का गं मावशी?"

"ओर्नेला," तुल्लिओ दबक्या आवाजात म्हणाला. "नको."

ओर्नेलानं हात लांब करून नवऱ्यापुढचा ग्लास उचलला आणि आपल्याजवळ ठेवला. वर्षापूर्वी तो उलट्या दिशेनं गेला होता.

"डुक्कर नव्हतं, नीवेस. रस्ता मोकळा होता. हा प्यायलेला होता, मीच पाजली होती, आणि हे उघडं पडेल म्हणून आम्ही तुझ्या ओरेस्तेला दवाखान्यात नेलं नाही."