बर्गर, बोल!

मुरुडहून आलेली एसटी लातूरच्या स्टँडात नीट थांबलीही नव्हती, तोच दामिनी उतरली आणि तडक भाजीच्या गाड्यांकडे सुटली. खांद्याला शाळेची पिशवी, हातात डबा, आणि डोक्यात काय, तर बर्गर. हसू नका हो. बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीचा वर्ग घेणाऱ्या, घरात ज्वारीच्या भाकरीशिवाय कुणाचं पान हलत नाही, आणि तरी आज सगळं घोडं येऊन अडलं होतं ते एका बर्गरपाशी.

झालं होतं असं. दामिनीचे सासरे गुरुपादप्पा. उभा जन्म किराणा दुकानाच्या गादीवर गेला, आता दुकान मुलाच्या, म्हणजे दामिनीच्या नवऱ्याच्या, रविकिरणच्या हाती दिलेलं. माणूस सोन्यासारखा, फक्त डावा कान जरा नाठाळ आणि रक्तात साखर. डॉक्टरांनी मैद्याला हात लावायचा नाही म्हणून बजावलेलं. तर हे अप्पा रविवारी संध्याकाळी फिरून आले आणि ओसरीवर टेकले. सासूबाई गौरम्मा, घरातल्या अव्वा, पाणी घेऊन बाहेर आल्या, बघतात तर पांढऱ्या सदऱ्यावर छातीपाशी लालभडक डाग!

"अगं बया, रगत! धावा गं कुनीतरी!"

हातातला तांब्या एकीकडे, त्या एकीकडे. गल्ली गोळा झाली. कुणी रिक्षा आणायला पळालं, कुणी अप्पांना आडवं करायला लागलं. अप्पा बिचारे "काय न्हाई झालं, काय न्हाई झालं" म्हणतायत, पण त्यांचं ऐकतंय कोण! शेवटी शेजारच्या उमादेवी वाकल्या, त्यांनी डागाचा वास घेतला आणि जाहीर केलं, "गौरम्मा, रगत न्हाई ओ. टमाट्याचा सॉस हाय."

मग काय, गल्लीला हसायला निमित्तच मिळालं. अप्पा कोपऱ्यावरच्या गाड्यावर उभे राहून बर्गर हाणून आले होते. गौरम्मांनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं, तोंडातून एक अक्षर काढलं नाही, सदरा मागून घेतला आणि घासघासून डाग काढला. तेव्हापासून जो अबोला धरला तो धरलाच.

दोघांचा अबोला म्हणजे तिसऱ्याच्या जिवाला घोर. इथं तो तिसरा माणूस दामिनी. "दामिनी, त्यांला सांग, गोळी घ्या म्हनावं." हाताच्या अंतरावर बसलेले अप्पा म्हणायचे, "दामिनी, तिला सांग, घेतली म्हनावं." दामिनी शाळेत गेली की ही सगळी बोलणी भिंतीला सांगितली जायची. इथवरही ठीक होतं एक वेळ. पण उद्या सकाळी नांदेडला निघायचं होतं. थोरल्या लेकाच्या, महांतेशच्या नव्या घराची पूजा, आणि पूजेला आईवडलांनी जोडीनं बसायचं, उपरण्याला पदराची गाठ बांधून. गौरम्मांनी साफ सांगून टाकलं होतं, "ज्याच्यासंगं बोलनं न्हाई त्याच्यासंगं गाठ कसली बांधता? मी येत न्हाई. तुमी जावा समदे."

महांतेशनं फोन करून पाहिला. थोरली जाऊ ज्योत्स्ना तर फोनवर रडलीच. आणि दामिनीला कुठून अवदसा आठवली कोण जाणे, ती छातीठोकपणे बोलून गेली, "ताई, तुम्ही डोळे पुसा. दोघांना जोडीनं आणायचं माझ्याकडे लागलं." आता शब्द तर दिला, आणि हातात एकच संध्याकाळ उरली.

आज बसमध्ये मोबाईल चाळता चाळता तिला तो सापडला, बिनबनाचा बर्गर! पाव नाहीच. मधली टिक्की, भाज्या, सॉस, सगळं एका वाडग्यात. दामिनी अशी काही ताडकन सरळ बसली की शेजारी डुलक्या घेणारी बाई दचकून "आलं का लातूर?" म्हणाली. भांडण कशाचं? मैद्याचं. मैदा कशात? बनात. मग बनच वजा केला तर खाली काय उरतं? शून्य! चौथीच्या बाईंचं गणित, त्यात चूक कशी निघेल? अप्पांना घरच्या घरी बर्गर मिळेल, अव्वांच्या रागाला जागा उरणार नाही, आणि उद्या गाठ बांधलीच म्हणून समजा. कधी एकदा घर येतंय असं तिला होऊन गेलं.

"दादा, ते सॅलडचं पान, लेट्यूस हाय का?" तिनं गाडीवाल्याला विचारलं.

"ते न्हाई बगा ताई. मेथी न्या की, लई कवळी हाय."

मेथी तर मेथी! कोबी, काकडी, टमाटे आणि मेथीची जुडी पिशवीत कोंबून ती घरी आली. गौरम्मा देवघरात सांजेच्या लिंगपूजेला बसल्या होत्या, अप्पा ओसरीवर, आणि मुलगी सुकन्या अभ्यासाचं सोंग करून बसलेली.

"सुकन्या, ऊठ! आज भाकरी नाही. आज बर्गर!"

पोरीनं वही अशी मिटली की बस.

मग स्वयंपाकघरात जी धांदल उडाली! सोयाबीनचा चुरा गरम पाण्यात पडला, फुगला, सुकन्यानं तो कचकचून पिळला. त्यात बारीक कांदा, लसूण, तिखट, मीठ, कोथिंबीर, आणि अव्वांच्या बरणीतला चमचाभर येसर. तो भाजलेल्या डाळी-धान्याचा मसाला पडला की पाण्यालाही चव येते. टिक्की सुटू नये म्हणून ज्वारीचं पीठ. तव्यावर टिक्क्या चुरचुरायला लागल्या आणि वास थेट देवघरापर्यंत गेला. तोवर दामिनीनं दही फडक्यात बांधून घट्ट केलं, त्यात लसूण ठेचून घातला. दुसरीकडे टमाटे गूळ न घालता आटवले, झाला सॉस. कोबी, काकडी बारीक चिरली. खाली अंथरायला मेथीची पानं खुडली, त्यांना कच्चं तेल आणि दाण्याचं कूट चोळलं, सवयीनंच. पाऊण तासात स्वयंपाक तयार, तव्यावर शेवटची टिक्की तेवढी राहिली, आणि ओट्यावर पसाराही नाही. दामिनीला स्वतःचाच असा अभिमान वाटला की विचारू नका.

"बघ, झाला आपला बर्गर बाऊल!"

"आई, बाऊल नसतं म्हणायचं," इंग्रजी शाळेतल्या सुकन्यानं नाक उडवलं. "आमच्या मिस म्हणतात, बोल. बर्गर बोल."

"बोल तर बोल. जा, अज्जाला हाक मार."

इथंच सगळा घोटाळा झाला. गौरम्मा पाटावर येऊन भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. अप्पा समोरच्या पाटावर टेकतायत, मागं दारात सुनबाई कमरेवर हात ठेवून, एका हातात उलथनं. अशात सुकन्या आली, नेमकी त्यांच्या डाव्या कानाशी वाकली आणि जोरात ओरडली, "अज्जा! बर्गर बोल!"

अप्पांचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांनी सुनेच्या हातातल्या उलथन्याकडे पाहिलं, बायकोच्या पाठीकडे पाहिलं. त्यांना वाटलं, आली वेळ. आज घरानं आपल्याला जाब विचारायचं ठरवलंय.

"बोलतो बाई, बोलतो," ते म्हणाले. "आता काय लपवायचं? म्या एकदाच न्हाई खाल्ला. दिवाळीपसनं दर रैवारी खाऊन राहिलो."

अहो, एका बर्गरवर एवढं रामायण झालं, आणि हे दिवाळीपासूनचे बर्गर कबूल करतायत! दामिनी हातवारे करून "नको, नको" म्हणायला लागली. सुकन्या ओरडली, "अज्जा, बोल म्हणजे वाडगा!" पण कान पडला डावा, आणि अप्पांची गाडी सुटली ती सुटली.

"दुकान दिल्यापसनं संध्याकाळ जात न्हाई बघ मला. त्या गाड्यापाशी गर्दी ऱ्हाती, हसनं-खिदळनं ऱ्हातं. पोरं-पोरी जोडीनं येत्यात, एकाच बर्गरला दोगं चावत्यात. म्या आपला एका कडंला हुभा राहून खातो. चव काय लई हाय असं न्हाई. पन बरं वाटतं."

तव्यावरची शेवटची टिक्की करपायला लागली, दामिनीला तिचंही भान नव्हतं. संपलं, ती मनात म्हणाली, नांदेडही संपलं आणि माझा शब्दही.

गौरम्मा गर्रकन वळल्या.

"मग मला कामून न्हेलं न्हाई?"

दामिनीला क्षणभर कळेचना. "त्यांला सांग" नाही, "म्हनावं" नाही. अव्वा थेट नवऱ्याच्या डोळ्यांत बघून बोलत होत्या!

"साखर गेली चुलीत! मी काय सॉसवर रुसले का?" गौरम्मांनी पाटच अप्पांकडे सरकवला. "लगीन झाल्यापसनं तुमच्या आदी कधी घास तोंडात घातला न्हाई मी. तुमाला दुकानातून याला उशीर झाला, मी उपाशी बसले. आन तुमी? एकट्यानं हुभं राहून खाऊन आलाव. 'गौरे, खातीस का' म्हनून एक शब्द न्हाई. मला काय दात न्हाईत का जीभ न्हाई?"

"अगं, तुला गाड्यावरचं चालंल का न्हाई, म्हनून..."

"इचारलाव का?"

अप्पा हळूच म्हणाले, "चुकलं बघ माझं."

आणि उलथनं धरून उभ्या असलेल्या दामिनीला आपलं गणित कुठं चुकलं ते कळलं. ती आपली बन वजा करत बसली होती, आणि अव्वांचं दुखणं मैद्याचं नव्हतंच मुळी. तिला हसूही आलं आणि डोळेही भरून आले. मग तिनं धावत जाऊन गॅस बंद केला आणि वाडगे आणून दोघांच्या पुढ्यात ठेवले.

"अव्वा, अप्पांना कुणी जाब नाही विचारला. आजच्या जेवणाचं नाव आहे ते. या वाडग्याला बोल म्हणतात. बिनबनाचा बर्गर बोल!"

अप्पांनी एकदा वाडग्याकडे पाहिलं, एकदा नातीकडे. "मंजी म्या उगंच बोललो की काय समदं?" आणि ते असे खदखदून हसले की उपरणं खांद्यावरून घसरलं. गौरम्मांनी हसू दाबायचा लई प्रयत्न केला, पण जमलं नाही. त्यांनी वाडगा पुढं ओढला आणि बोटांनी वरची टिक्की बाजूला केली. खाली तेल आणि दाण्याचं कूट लावलेली कच्ची मेथी.

"आगं, ह्यो तर माझा घोळाणा!" त्या म्हणाल्या. "रोज भाकरीसंगं वाढते तवा कुनी बघत न्हाई त्याच्याकडं. आज बर्गर झाला व्हय?"

त्यांनी टिक्कीचा तुकडा मोडला, दह्यात बुडवला, मेथीत गुंडाळला आणि घास उचलला. घास अप्पांच्या तोंडाजवळ गेला, तशी सुकन्यानं टाळी वाजवली. पोरगी या वर्षी चार लग्नं जेवून आलेली.

"अज्जी, थांब! घास भरवताना नाव घ्यायचं असतं!"

"चल, आगाऊ!" गौरम्मा म्हणाल्या. पण हात काही मागं घेतला नाही. डोळे मिटून जरा वेळ ओठांतल्या ओठांत जुळवाजुळव केली, आणि ज्या तोंडातून रविवारपासून या सांजेपर्यंत नवऱ्यासाठी अक्षर निघालं नव्हतं, त्याच तोंडातून खणखणीत आलं,

"बिनबनाचा बर्गर, वाडग्याला म्हनती बोल,
गुरुपादप्पा संगं असले, तर घासाला येतं मोल!"

दामिनीनं उलथन्यानंच ताटावर ठण ठण वाजवलं. सुकन्या तर नाचायलाच लागली. अप्पांनी घास घेतला, चावला, डोळे पुसले आणि लगेच दुसऱ्या घासासाठी तोंड उघडलं. त्या गडबडीत लाल सॉसचा एक ओघळ मिशीवरून हनुवटीकडे निघाला.

गौरम्मांनी चटकन पदर पुढं केला आणि तो वरच्यावर टिपून घेतला.

"दमानं खावा की जरा," त्या म्हणाल्या. "सदऱ्यावर सांडू नका. उद्या ह्योच घालून गाठीला बसायचं हाय."