भिंतीतला समुद्र आणि निळा ड्रम

डोळे मिटा बरं जरा. आता अशी एक बैठकीची खोली डोळ्यांसमोर आणा, जिच्या एका भिंतीवर फोटो नाही, कॅलेंडर नाही, घड्याळही नाही. त्या भिंतीत समुद्राचा एक तुकडा बसवला आहे. जांभळट खडक, त्यांच्यावर बोटांसारखी डुलणारी प्रवाळं, आणि मधून हिंडणारे दोन नारिंगी मासे, अंगावर पांढरे पट्टे. खिडकीबाहेर मात्र भोपाळचं मे महिन्यातलं ऊन. खरा समुद्र इथून इतका लांब की वाऱ्यालासुद्धा त्याचा वास ठाऊक नाही.

दिसलं? मग आता डोळे उघडा आणि माझ्याबरोबर भिंतीच्या मागच्या बाजूला या. तिथल्या अडगळीच्या खोलीत पंप घरघरतो आहे, नळ्या लोंबताहेत, आणि त्यांच्यामध्ये कांचन नावाची एक मुलगी उभी आहे. उभी कसली, एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचते आहे. तिचं काहीतरी बिघडलं आहे आणि काय बिघडलं ते तिला कळत नाही.

कांचनचे बाबा, श्रीकांत, कित्येक वर्षं भोपाळमध्ये पिपलानीला कारखान्याच्या क्वार्टरमध्ये एकटेच राहत आणि कारखान्यात काम करत. कांचन आणि तिची आई सुचेता गुहागरला. यंदा बाबांनी भोपाळमधल्याच अयोध्या नगरात स्वतःचं घर घेतलं आणि दोघींना बोलावलं. कांचननं एकच विचारलं, "तिथं समुद्र आहे का?"

"नाही," बाबा म्हणाले. मग तिचं तोंड बघून म्हणाले, "पण आणू की."

क्वार्टरमध्ये असतं तर भिंतीला खिळा ठोकायचाही विचार करावा लागला असता. हे घर आपलं होतं. बैठक आणि अडगळीची खोली यांच्यामधली भिंत बाबांनी चौकोनी फोडली. लोखंडी अँगलचं टेबल जोडलं, त्यावर काचेची टाकी चढवली. त्यांच्या कारखान्यातले सुरेश अंकल, शेजारच्याच गल्लीतले, मदतीला होते. पाण्यात समुद्री मीठ विरघळवून झालं, खडक आले, पंप सुरू झाला. आणि मग काहीच झालं नाही. आठवडे गेले. खारं पाणी, खडक, आणि त्यांच्याकडे बघत बसलेली कांचन.

"बाबा, आज मासे?"

"आज नाही. पाणी अजून तयार होतंय."

"मला तर काहीच होताना दिसत नाही."

"दही लागताना दिसतं का? आत काम चाललेलं असतं. खडकावर बारीक जीव वाढतात, ते माशांची घाण संपवतात. ते आधी, मासे नंतर."

"मग मी बोट घालून बघू?"

"विरजणाचं झाकण दर घटकेला उघडणारी पोरगी तू! दूर हो तिथून."

शेवटी प्रवाळं आली, मासे आले. आणि नेमकं तेव्हाच बाबांना कारखान्याच्या कामासाठी लांबच्या साइटवर जावं लागलं. जाण्याआधी त्यांनी कांचनला मागच्या खोलीत नेलं.

"आता समुद्र तुझ्या ताब्यात. उन्हानं पाणी आटणार. काचेवर ही रेघ मारली आहे. पाणी तिच्या खाली गेलं की भर घालायची. पण गोड्या पाण्याची. खाऱ्याची नाही. का ते सांग."

कांचननं डोकं खाजवलं. "आमटी आटली की खारट होते. आई तिच्यात पाणी घालते, मीठ नाही घालत."

"शाब्बास! पाणी उडून जातं, मीठ कुठं जात नाही." बाबांनी दूधवाल्याकडे असते तशी एक काचेची नळी पाण्यात सोडली. ती उभी तरंगू लागली. "ही जितकी वर येईल तितकं पाणी जास्त खारट. आणि हे बघ, जे करशील ते थोडं थोडं कर. माशांना एकदम काही सोसत नाही. जमलं नाही तर मला सांग, सुरेश मासे दुकानात परत देऊन येईल. त्यांचा जीव जाता कामा नये."

परत देऊन येईल! कांचननं मनात ठरवलं, हे जमणारच.

बाबा गेले त्याच दुपारी सुरेश अंकल दोन ड्रम ठेवून गेले. एक निळा, एक पांढरा. एकात भर घालायचं पाणी, दुसऱ्यात पुढं टाकीतलं पाणी बदलायला लागेल ते समुद्री मिठाचं. पंपाच्या आवाजावरून ते ओरडून म्हणाले, "भाभीजी, नीलेवाले में मीठा पानी है! ध्यान रखिएगा!"

सुचेताचं हिंदी अजून गुहागरच्या बाहेर पडलं नव्हतं. पंपाच्या घरघरीत तिला 'मीठ' एवढंच कळलं. तिनं मान डोलावली आणि लेकीला बजावलं, "निळ्यात मिठाचं पाणी आहे हो. त्याला हात लावायचा नाही."

तुम्ही हसाल. पण कांचनला दोष देऊ नका. मिठाई तिलाही माहीत होती. पण माशांसाठी मिठाईसारखं पाणी कोण आणून ठेवील? समुद्र म्हटला की मीठ आलंच. चुकूनही चूक होऊ नये म्हणून तिनं निळ्या ड्रमच्या झाकणावर एक जड पाट ठेवला, आणि रोज पांढऱ्यातून तांब्या भरभरून टाकीत घालू लागली.

नळी वर येऊ लागली.

आधी तिला वाटलं, भास असेल. मग वाटलं, आपण पाणी कमी घालतो आहोत. तिनं जास्त घातलं. नळी जराशी खाली गेल्यासारखी झाली, आणि सकाळी बघते तो कालच्यापेक्षा वर. कांचन बैठकीतून मागच्या खोलीत, मागच्या खोलीतून बैठकीत, अशा फेऱ्या घालू लागली. पुढून मासे बघायचे, मागून नळी. पुन्हा पुढून.

"अगं, बस की जरा एका जागी!" आई फरशी पुसता पुसता म्हणाली. "उंबरा झिजेल. आणि पाणी सांडू नकोस. इथलं पाणीच मेलं जड, जिथं थेंब पडतो तिथं पांढरा डाग."

बाबांचा फोन आला. "गोडं पाणीच घालतेस ना?"

"हो!"

"मग झालं तर. प्रवाळं कशी आहेत?"

प्रवाळांनी मुठी आवळल्या होत्या. "छान आहेत," कांचन म्हणाली, आणि फोन आईच्या हातात कोंबून पुन्हा भिंतीकडे पळाली.

दुसऱ्या दिवशी जेवणात तिचं लक्ष लागेना. एक मासा कोपऱ्यात, खडकाला टेकून, भराभर कल्ले हलवत होता. दुसरा त्याच्याभोवती घुटमळत होता. आता सांगायलाच हवं. सांगितलं की मासे जाणार. नाही सांगितलं तर... तिनं फोन उचलला, ठेवला, पुन्हा उचलला.

इतक्यात सुरेश अंकलची बायको, कमल आंटी, हातात झाकलेलं भांडं घेऊन आत आली. "लो बिटिया, कुछ मीठा खा लो. मुँह काहे लटका रखा है?"

कांचनला खायचं नव्हतं. पण आंटीनं चमचा तोंडाशी धरलाच. शेवयांची खीर होती.

"मीठा?" कांचननं विचारलं.

"हाँ, मीठा. क्यों, शक्कर कम है?"

"आंटी, मीठा मतलब... नमक नहीं?"

आंटी खो खो हसत सुटली. "सुनो भाभी! तुम्हारी लड़की मेरी खीर में नमक ढूँढ रही है!"

आईही हसली. "अगं वेडे, त्यांच्याकडे मीठा म्हणजे गोड."

गोड. कांचनच्या हातातला फोन हातातच राहिला. गुहागरला घरामागं दोन विहिरी होत्या. पुळणीजवळची मचूळ आणि आंब्याखालची गोडी. गोडी विहीर. तिच्या पाण्यात कोणी साखर घालत नव्हतं. ते नुसतं प्यायचं, साधं, गोडं पाणी.

मीठा पानी.

"आई," ती म्हणाली, "निळ्या ड्रममध्ये गोडं पाणी आहे!"

आईच्या तोंडावरचं हसू मावळलं. कांचन तोवर फोन तिथंच टाकून मागच्या खोलीत पोचली होती. पांढऱ्या ड्रमशेजारच्या फरशीवर आज पडलेला थेंब वाळून पांढरा झाला होता. तिनं त्यावर बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. खारट.

तिनं पाट ढकलला, झाकण उघडलं आणि बादली ओढली. आत्ताच्या आत्ता सगळं पाणी ओतून टाकावं असं तिला वाटत होतं. हात शिवशिवत होते. बादली अर्धी भरलीसुद्धा. काचेपलीकडे खडकाला टेकलेला मासा अजून कल्ले हलवत होता.

एकदम काही सोसत नाही.

कांचननं बादली खाली ठेवली. बाहेर फोन वाजला.

"कांचे, बाबा आहेत गं!"

तिनं तांब्यानं टाकीतलं थोडं खारं पाणी काढलं आणि फळीवरची धुतलेली आमटीची वाटी घेऊन निळ्या ड्रममध्ये बुडवली.

"त्यांना म्हणावं, जरा थांबा!" ती ओरडली. "सगळं सांगते, आधीचं खोटंसुद्धा. पण एवढी वाटी होऊ दे."

आणि दुसऱ्या हातानं आपलाच हात घट्ट धरून तिनं वाटी कलती केली, इतकी हळू की पाण्याची धार दोऱ्याएवढी बारीक पडली.