मावलं नाही तर

माझी सून लिहिते आणि मी वाचतो, असा आमच्या घरी रोज संध्याकाळी जेवणाआधीचा रिवाज आहे. ती काही गोष्टी-कविता लिहीत नाही. तिच्या कंपनीने प्रोग्रॅमिंगच्या एका भाषेसाठी लायब्ररी बनवली आहे, म्हणजे दुसऱ्यांनी आपल्या कामात आयतं उचलून वापरावं असं काहीतरी. ते कसं वापरायचं, याचं पुस्तक सुनेने लिहायचं. मला अक्षरओळख अठ्ठावन्नाव्या वर्षी झाली, तीही हिच्याच कृपेने. अजून ओळीखाली बोट ठेवल्याशिवाय मी पुढे सरकत नाही. सून म्हणते, "बाबा, तुमचं बोट अडतं ना, तिथे माझं वाक्य चुकलेलं असतं."

त्या लायब्ररीचं काम तिने मला भाजी निवडता निवडता समजावलं होतं. वाक्य तयार असतं, मध्ये खण रिकामे असतात. 'पेटीचं वजन अमुक किलो.' अमुकच्या जागी आकडा बसवायचा. कुठे नाव बसवायचं, कुठे तारीख. एवढंच.

त्या दिवशी माझं बोट 'चुका झाल्यास' या पानावर अडलं. पानावर एकच ओळ होती : लायब्ररी सर्व चुका सहजतेने हाताळते.

"हाताळते म्हणजे करते काय?" मी विचारलं.

"ते साहेबांचं वाक्य आहे. माझं नाही."

"वाक्य कोणाचंही असो. खण तीन अंकांचा आणि आकडा चार अंकी आला, तर?"

"मावेल तेवढा ठेवते. उरलेला कापते."

"कोणाला सांगून?"

"कोणालाच नाही."

"आणि आकडा आलाच नाही तर?"

"खण रिकामा सोडते आणि पुढे जाते. साहेब म्हणतात, आपली लायब्ररी कधी अडत नाही, हाच आपला लौकिक."

चाळीस वर्षं मी गोदामात ओझी वाहिली, आता तिथलाच मुकादम आहे. पोतं फाटलं की फाटलेली बाजू भिंतीकडे करून थप्पी लावणारे हमाल मी पाहिलेत. वरून सगळं ठाकठीक, आत धान्य गळतंय आणि उंदरांची चैन. अशा माणसाबरोबर आम्ही पाणीसुद्धा पीत नसू.

"तू खरं लिही की मग."

"दोनदा लिहिलं. दोनदा खोडलं त्यांनी." ती शेंगांच्या शिरा काढत राहिली. "पुढच्या महिन्यात मला कायम करणार आहेत, बाबा. हे पुस्तक त्यांच्या मनासारखं झालं तर."

मुलगा माझा बोटीवर असतो, वर्षातून दोनदा घरी येतो. घर हिच्या नोकरीवर उभं आहे. मी गप्प बसलो. बसायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोदामात लेबलं छापणारं यंत्र सुरू केलं. सुरू होताना पडद्यावर खाली बारीक अक्षरांत एक नाव येतं. दोन वर्षं ते नाव येत होतं आणि मी कधी वाचण्याच्या फंदात पडलो नव्हतो. आज बोट ठेवलं. सुनेच्या ऑफिसच्या पिशवीवर जे नाव आहे, तेच; म्हणजे हे यंत्र तिचीच लायब्ररी वापरत होतं.

बाहेर येतो तर क्रेनवाल्याने पेटीला पट्टा लावलेला. या क्रेनवाल्याला आम्ही मुका म्हणतो, कारण त्याचं तोंड झोपेतच काय ते बंद असतं.

"मुकादम, आज चेहरा का असा? सुनेने उपाशी ठेवलं?"

"वजन किती लिहिलंय?"

"एकशे अठ्ठेचाळीस. फुलासारखी आहे. म्हणून छोटा पट्टा लावला."

छोटा पट्टा पाचशे किलोपर्यंतच पेलतो. मी पेटीखाली पहार घालून जरा उचलून पाहिलं. पहार वाकली, पेटी हलली नाही. खालच्या फळ्या मधोमध दबल्या होत्या. दीडशे किलो फळीला असं दाबत नाही. मी ओरडेपर्यंत मुक्याने वर क्रेनमध्ये चढून कळ दाबली होती. पेटी वीतभर उचलली गेली आणि पट्ट्याची शिवण उसवायला लागली, टर्र टर्र टर्र, जुनं गोणपाट फाडावं तशी.

"सोड! खाली सोड!"

त्याने सोडली. जमीन हादरली. दोन हमाल पेटीच्या पलीकडे हात टेकून उभे होते. एकाच्या चपलेची पुढची पट्टी पेटीखाली राहिली, पाय तेवढा बाहेर. तो बसून आपली बोटं मोजू लागला. मुका खाली उतरला आणि पहिल्यांदाच काही बोलला नाही.

पेटी काट्यावर चढवली. एक हजार चारशे ऐंशी. शेवटचं शून्य कापलं होतं.

गोदामाच्या व्यवस्थापकाने हात वर केले. "छापलं यंत्राने. यंत्रवाल्यांना विचारा."

म्हणून मी लेबल सोलून खिशात घातलं आणि दुपारी सुनेच्या कंपनीत गेलो. तिचे साहेब खुर्चीत रेलून पेनाच्या टोपणाने कान कोरत होते. टोपण बाहेर काढायचं, त्यावर काय आलं ते बघायचं, बोटाला पुसायचं, पुन्हा आत. मी लेबल पुढे ठेवलं आणि झालेलं सगळं सांगितलं. सून दारात उभी होती.

त्यांनी लेबल उजेडात धरलं. "यात तर काही चूक दिसत नाही, काका. छपाई स्वच्छ आहे."

"आकडा तोडलाय."

"तुमच्या लोकांनी खण छोटा ठेवला."

"ठेवला. आमची चूक. पण मावत नाही, असं तोंडाने सांगायला काय झालं होतं?"

"चूक दाखवली की गिऱ्हाईक घाबरतं." ते हसले. टोपण पेनाला बसवलं आणि हिरव्या शाईने समोरच्या कुठल्याशा कागदावर सही केली. "जाऊ द्या. कोणाला लागलं तर नाही ना?"

दुर्गंधीने मी कधी मागे सरलो नाही; कुजलेल्या बटाट्यांच्या वखारीतही दिवस काढलेत. पण त्या खोलीतून मी पाणी न पिता उठलो.

घरी आल्यावर सुनेने फक्त विचारलं, "त्याची बोटं शाबूत आहेत?"

"दहाही."

तिने संगणक उघडला आणि ते पान पुन्हा लिहिलं. पुस्तक सगळ्या गिऱ्हाइकांपुढे ठेवण्याची कळ तिच्याच हाती असते. दाबण्याआधी तिने मला वाचायला लावलं. मी बोट ठेवून वाचलं : 'आकडा खणात मावला नाही तर लायब्ररी तो कापते आणि कळवत नाही. आकडा मिळाला नाही तर खण रिकामा ठेवते आणि कळवत नाही. ज्या आकड्याच्या भरवशावर माणूस ओझ्याखाली उभा राहणार असेल, तो छापण्याआधी स्वतः तपासा.' बोट कुठेच अडलं नाही.

"नोकरी?" मी विचारलं.

"तुम्ही वाचलंत ना? झालं तर मग," असं म्हणून तिने कळ दाबली.

पान दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत राहिलं. मग साहेबांनी काढलं. तिसऱ्या दिवशी सुनेच्या टेबलावर पत्र आलं. संध्याकाळी तिने ते जेवणाआधी माझ्यापुढे ठेवलं, रोजच्यासारखं.

मी वाचू लागलो. "प्रिय..." पुढे काहीच नाही. रिकामी जागा, मग स्वल्पविराम. "'आपल्या सेवेची कंपनीला यापुढे गरज नाही.' अगं, हे आहे कोणाला?"

"तेच मी साहेबांना विचारलं. सगळ्यांसमोर. म्हटलं, पत्रात नाव नाही, मी घेणार नाही. तुमच्याच लायब्ररीने छापलंय. चूक झाली असती तर तिने हाताळली नसती का?"

"मग?"

"सगळे हसले, ते सोडून. मला वाटलं, आता तरी म्हणतील की दुरुस्त करू." तिने दुसरा कागद काढला. "हे दिलं."

तेच पत्र. फक्त रिकाम्या जागेत हिरव्या शाईने, पेनाने, तिचं नाव लिहिलेलं. म्हणजे खण रिकामा राहतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आपल्या पत्रापुरतं त्यांनी हाताने भरून घेतलं होतं. पेट्यांची वजनं कोणी भरायची? मला ते टोपण आठवलं आणि मी कागद दोन बोटांच्या चिमटीत धरून टेबलाच्या कडेला सरकवला. मग उठून साबणाने हात धुतले.

"ते पान आहे का तुझ्याकडे? तू लिहिलेलं?"

तिने छापून आणलं होतं.

सकाळी मी ते खळ लावून क्रेनच्या खांबावर चिकटवलं, डोळ्यांच्या उंचीवर. मुक्याने तोंडाने पुटपुटत ते पूर्ण वाचलं. मग खाली ओळीने उभ्या असलेल्या चाळीस पेट्यांकडे पाहिलं. प्रत्येकीवर स्वच्छ छापलेलं लेबल.

"म्हणजे हे सगळं खोटं?"

"कुठलं खोटं ते कळत नाही, हीच तर घाण आहे."

"मग?"

"मग काटा. एकेक पेटी काट्यावर घ्यायची, मोठ्या पट्ट्याने, आणि खरं वजन तिच्यावर लिहायचं."

"दिवस जाईल, मुकादम."

"जाऊ दे."

त्याने हात पुढे केला. मी त्याला खडू दिला.