टपोऱ्या डोळ्यांची मांजर

पडदे शिवणाऱ्या बाईने ती मांजर निवडली ती डोळ्यांवरून. आश्रयघरातली बाकीची मांजरं जाळीशी येऊन लाडीगोडी लावत होती. ही मात्र कोपऱ्यात बसून टपोऱ्या, काळ्याभोर डोळ्यांनी समोर बघत होती.

"वयस्कर आहे हो," तिथल्या मुलीने आधीच सांगितलं.

"असू दे. माझ्याकडेच बघतेय बघ कशी," म्हणत बाईने तिला उचललं.

घरी आल्यावर मांजरीने शिलाई मशीनवर उडी मारली, ती चुकली आणि मांजर थेट कापडाच्या ढिगात. बाईची हसून हसून मुरकुंडी वळली. पुन्हा तसंच झालं तेव्हा तिने फोन तयार ठेवला होता. व्हिडिओ बहिणींना गेला, खाली लिहिलं, 'आमची धांदरट'. तेच नाव पडलं. "ताई, आणखी एक पाठव ना," धाकटीने लाडात येऊन मागितलं. मग बाईने वाटेतली खुर्ची मुद्दाम थोडी सरकवून ठेवली. मांजर नाकावर आपटली. बहिणी पोट धरधरून हसल्या.

नवरा लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. कुठे काय अडतंय हे बघायची त्याला सवयच. जेवता जेवता तो म्हणाला, "अगं, हिला नीट दिसतं ना? मी हात पार डोळ्यांपर्यंत नेला, पापणी हलली नाही."

"तुमचं आपलं काहीतरीच. नवीन घर आहे, बुजलीये."

"डॉक्टरला दाखवून तर ये."

"एवढे पडदे पोचवते, मग जाते."

पडदे गेले, दुसरे आले. एकदा मांजर खिडकीत लख्ख उन्हात बसली होती आणि तिच्या बुबुळांचा तो मोठा काळा गोल तसूभरही आकसला नव्हता. बाईने ते पाहिलं. तिने मशीन थांबवलं. पण ज्या डोळ्यांवर भुलून आणलं त्यांतच खोट निघाली तर, हा विचार नको झाला, आणि तिने पुन्हा मशीन सुरू केलं.

शेवटी मांजर जिन्यावरून गडगडली, तेव्हा तिला पोटाशी धरून बाई धावत दवाखान्यात गेली.

डॉक्टरांनी डोळ्यांत उजेड टाकून बराच वेळ पाहिलं. "रक्तदाब फार वाढलाय. त्याने डोळ्यांचे पडदे सुटतात. डावा बहुतेक तुमच्याकडे यायच्या आधीच गेला असेल. उजव्यातलं मात्र अलीकडचं आहे. गोळ्या देते, बघू."

"डॉक्टर, थोडं आधी आणलं असतं तर?"

"उजवा वाचायची शक्यता जास्त होती."

घरी येऊन बाईने व्हिडिओ पुसले. पण बहिणींनी ते कुठे कुठे पाठवले होते, कोण जाणे. तिने धाकटीला फोन लावला.

"ती आंधळी होत होती गं. आणि खुर्ची मी सरकवली होती."

"तुला कुठे माहीत होतं, ताई?"

"शंका आली होती. नंतर. तरी नेलं नाही."

"आणखी एक पाठव म्हणून मीच मागे लागले होते," धाकटी म्हणाली. आपल्यालाही हसू आवरत नव्हतं, हे तिला आठवलं असावं.

नवऱ्याला सांगणं जास्त जड गेलं. तो ओरडेल, निदान 'मी म्हटलं होतं' असं तरी म्हणेल, अशी तिची तयारी होती. तो उठला. जिन्याच्या तोंडाशी लावायला फळी कापत बसला. ते बघून बाईला रडू फुटलं.

"रडून काय होणार?" तो म्हणाला. "गोळी तोंडात कशी घालायची ते दाखव मला. मीपण शिकतो."

गोळ्यांनी रक्तदाब उतरला. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी उजव्या डोळ्यापुढून कापसाचा बोळा सोडला, तेव्हा मांजरीची मान किंचित त्याच्या मागे वळली. "सावली दिसतेय. याहून जास्त बहुधा नाही," त्या म्हणाल्या.

घरी परतल्यावर मांजरीने भिंतीच्या कडेकडेने वाट शोधली आणि बाईच्या पावलाला मिशा लागताच तिथेच अंग टाकलं. बाईने वाकून तिचं डोकं खाजवलं. मांजर घुरघुरू लागली. तिचा आपल्यावर इतका विश्वास बसावा, हेच बाईला सोसवेना. पण पाय तिने हलवला नाही.