सुकरीचे तीन अंगठे

मी एक जुनी पिठाची गिरणी आहे, आणि आज मी जे सांगणार आहे त्यावर तुमच्यातल्या एकाचाही विश्वास बसणार नाही. आमच्या पाड्यात एक बाई होती, तिला तीन अंगठे होते. तिन्ही एकाच हाताचे. हसा, हसून घ्या. मी आयुष्यभर पुष्कळ थापा मारल्या आणि लोकांनी त्या मांडी घालून ऐकल्या. खरं बोलायला लागले की मात्र पोरं उठून जातात. म्हणून, मित्रांनो, आज खऱ्यात थोडं खोटं कालवून देते. निवडायचं काम तुमचं.

माझा जन्म नाशकातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. ओतीव लोखंडाचं अंग, पोटात दोन दगड, डोक्यावर धान्य ओतायचं चौकोनी तोंड. २००१ साली दिवाळीनंतर मला टेम्पोत घालून मोखाड्याकडे धाडलं. तोरंगणच्या घाटात उतारावर टेम्पोचे ब्रेक गेले. ड्रायव्हरनं डोळे मिटले. मी मागून माझा पट्टा सोडला, एका सागाला विळखा घातला आणि टेम्पो जागच्या जागी धरून ठेवला. तो साग अजून वाकडा आहे, जाऊन बघा.

मला उतरवलं ते पोशेऱ्याच्या वरच्या अंगाला, उंबरपाड्यात. दहा बायकांनी मिळून मला आणलं होतं. त्यांच्या बचत गटाचं नाव कणसरी, म्हणजे धान्याची देवी. महिन्याला वीस रुपये टाकून टाकून त्या बँकेच्या दारापर्यंत पोहोचल्या होत्या. गटाची अध्यक्ष जिजा. वही लिहायची तुळशी, ती सातवी शिकलेली. आणि सुकरी, जिला स्वतःची गुंठाभरही जमीन नव्हती. ती दरसाल दिवाळी झाली की नवऱ्यासोबत भिवंडीकडे वीटभट्टीवर जायची, होळीला चार दिवस घरी यायची आणि पुन्हा पावसापर्यंत तिकडेच.

बँकेनं साठ हजारांचं कर्ज दिलं. कागदावर नऊ अंगठे उमटले आणि तुळशीची एक सही. एकीनं नाही भरलं तर बाकीच्या नऊ जणींनी भरायचं, असं त्यात लिहिलं होतं. बायकांना त्यात नवीन काही वाटलं नाही. त्यांच्यात तसंच चालतं.

गटविकास अधिकाऱ्यांनी नारळ फोडला. फोटो निघाले. सगळे गेल्यावर जिजा एकटी माझ्यापाशी थांबली. तिचं सगळं लहानपण भट्टीवर गेलं होतं. तिची पोर हर्षाली तेव्हा सात वर्षांची होती, माझ्या तोंडात डोकावून आवाज काढत होती. जिजानं माझ्या लोखंडावर हात ठेवला आणि म्हणाली, "तू चालत राहा गो बाय. तू चालली तर माझी पोर विटा थापायला जाणार नाय."

मित्रांनो, गिरणीवर एवढं ओझं यापूर्वी कोणी टाकलं नसेल.

मी चालले. अशी चालले की माझं पीठ वाऱ्यावर उडायचं आणि पाड्यावरून जाणारे कावळे पलीकडे बगळे होऊन उतरायचे. एकदा रानातून बिबट्या पाठीवर गोणी घेऊन आला, रांग बघितली आणि उद्या येतो म्हणून परत गेला. आजूबाजूच्या सहा पाड्यांतल्या बायका डोक्यावर पाट्या घेऊन यायच्या. त्याआधी त्यांना दळणासाठी मोखाड्याच्या बाजाराला जावं लागे, नाहीतर घरी जात्यावर पहाट काढावी लागे.

कौतुक खूप झालं. पण त्या कौतुकात एक भोक होतं. दळणाचे पैसे रोख देणं आमच्याकडे कोणाला जमायचं नाही. पायलीमागं पसाभर नागली ठेवायची, अशी रीत पडली. कोपऱ्यात नागलीच्या गोण्या साठायच्या आणि बँक नागली घेत नाही. शिवाय जिजानं पहिल्याच महिन्यात एक नियम केला होता. ज्या घरात तान्हं मूल आजारी आहे, त्या घराचं दळण फुकट. काही वर्षांपूर्वी या डोंगरातली लहान मुलं भुकेनं गेली होती. त्या सालाचं नाव पाड्यात कोणी काढत नाही, पण नियम काढल्यावर दहापैकी एकीनंही का म्हणून विचारलं नाही.

तरी दोन वर्षं हप्ते गेले. नागली बाजारात विकायची, तुळशीनं जीपनं मोखाड्याला जाऊन पैसे भरायचे आणि पावती माझ्या मागच्या भिंतीला खिळ्यावर टोचायची. मग पाड्याची डीपी जळाली. वीजमंडळाचा माणूस आठ महिने उद्या येत राहिला. तो आला तेव्हा भारनियमन सुरू झालं होतं. वीज यायची ती बायका रानात आणि पाण्याला गेलेल्या असताना, आणि त्या परत आल्या की जायची. इथे एखादी थाप मारावी असं मनात आहे, पण सुचत नाही. मी नुसती उभी होते. कोळ्यांनी माझ्या तोंडात जाळी केली. सहा पाड्यांच्या बायका पुन्हा बाजाराची वाट धरू लागल्या.

हप्ते थांबले आणि नोटिसा आल्या. साठाचे, अर्धे भरूनही, चौऱ्याहत्तर झाले होते. तुळशीनं ती नोटीस तीनदा वाचली. तिला वाटलं आपलंच वाचन कच्चं.

२००६ च्या जानेवारीत वसुलीचे साहेब स्वतः आले. माणूस वाईट नव्हता. माझ्या ओट्यावर बसून चहा प्यायला आणि त्यानं नवी योजना समजावली: एकरकमी परतफेड. तुम्हीही ऐकून ठेवा, मित्रांनो, कारण ही योजना ऐकताना गोड लागते. चौऱ्याहत्तरऐवजी चव्वेचाळीस हजार भरा, बाकीचं बँक सोडून देईल. पण चौथा हिस्सा, म्हणजे अकरा हजार, अर्जासोबत आत्ता. उरलेले तेहेतीस हजार एकतीस मार्चच्या आत, सगळे एकदम. एक दिवस उशीर झाला तरी योजना रद्द, आणि भरलेले अकरा हजार जुन्या व्याजात जमा. म्हणजे परत मिळणार नाहीत, आणि कर्जही मिटणार नाही. पुरं भरलं तरी काही वर्षं बँक दारात उभं करणार नाही, कारण सूट घेतली ही नोंद राहते. तोंडी शब्दावर जाऊ नका, शेवटी काही देणं उरलं नाही असा नादेय दाखला हातात घ्या, तो मिळेपर्यंत कर्ज मिटलं असं समजू नका. आणि अर्जावर दहाच्या दहा जणींचे अंगठे लागतील, याच महिन्यात.

हे सगळं त्यानं सांगितलं. बायकांनी ऐकलंही. जिजाच्या कानात मात्र एकच गोष्ट राहिली, की सुटका होऊ शकते.

पहिले अकरा हजार कसे उभे राहिले ते ऐका. तुळशीचे दोन बोकड गेले, जिजाचे चांदीचे वाळे गेले, गटातल्या सोमीनं लग्नासाठी ठेवलेलं भांडं गेलं. आणखी एक वस्तू गेली, तिचं नाव मी घेणार नाही. गिरणीलाही लाज असते.

राहिले अंगठे. सुकरी भट्टीवर होती. जिजा एसटीनं भिवंडीला गेली, दोन दिवस भट्ट्या धुंडाळल्या. प्रत्येक भट्टीवर तिला सांगितलं गेलं की मोखाड्याची माणसं पुढच्या भट्टीवर असतील. ती रिकामी परत आली, आणि महिना संपत आला होता.

मग माझ्याच ओट्यावर ते घडलं. आमच्या पाड्यात रेशनच्या दुकानात, रोजगाराच्या हजेरीपटावर, जी हजर असेल ती गैरहजर बाईचा अंगठा देते. वर्षानुवर्षं देते. त्यात कोणी कोणाला फसवत नाही. तिचं धान्य तिच्या घरी पोचतं, तिची मजुरी तिच्या हातात पडते. ज्या बायका एकमेकींची बाळंतपणं करतात त्यांनी एकमेकींचा अंगठा द्यायचा नाही तर कोणी द्यायचा? तुळशी सही करणारी, म्हणून तिचा अंगठा मोकळा होता. तिनं तो शाईत बुडवला आणि सुकरीच्या नावापुढे टेकवला. सुंदर उमटला. एकूण एक रेघ दिसत होती.

होळीला सुकरी आली आणि त्या साली बँकेचं काम होईपर्यंत थांबली. भट्टीच्या मालकाकडून तिनं आपल्या वाट्याची रक्कम मागून आणली होती, म्हणजे पुढच्या सालची मजुरी आजच उचलली होती. बाकीच्यांनीही कुठून कुठून आणलं. एकोणतीस मार्चला दहा जणी एका जीपमध्ये बसून मोखाड्याला गेल्या. तेहेतीस हजार रुपये जिजाच्या कमरेला फडक्यात बांधलेले. जाताना सुकरी गाणं म्हणत होती.

बँकेत काय झालं ते तुळशीनं नंतर माझ्यापाशी बसून सांगितलं. ते जसंच्या तसं देते. पैसे घेण्याआधी साहेबांनी शेवटच्या कागदावर सगळ्यांचे अंगठे घेतले. सुकरीचा अंगठा उमटला तो नुसता काळा ठिपका. एक रेघ नाही. साहेबांनी तिला पुन्हा द्यायला लावला. पुन्हा ठिपका. त्यांनी जानेवारीचा अर्ज काढला, त्यावर रेघारेघांचा अंगठा. मग २००१ चा मूळ कागद काढला, त्यावर आणखी तिसराच. तिन्ही कागद त्यांनी शेजारी शेजारी मांडले. मग सावकाश विचारलं, "बाई, जानेवारीत अर्जावर अंगठा तुम्हीच दिलात ना?"

जिजानं सुकरीच्या कोपराला हात लावला. पण सुकरीला तो खुणेचा हात कळला नाही, किंवा कळला आणि जमलं नाही.

"जानेवारीत मी भट्टीवर होते, सायेब."

"मग या तिन्हींत तुमचा कोणता?"

सुकरीनं तिन्ही कागद नीट पाहिले. "हा नवीन लग्न झालेलीचा, तो माझाच होता. हा मधला मला ठाव नाय. आणि हा विटांनी खाल्लेला, हा आताचा."

बँकेत कोणी हसलं नाही. साहेबांनी पेन खाली ठेवलं. खोट्या अंगठ्याचा अर्ज त्यांना मंजूर करता येत नव्हता. कागद वरच्या कार्यालयाकडे पाठवतो म्हणाले, तिथून उत्तर येईतो पैसे जमा करून घेता येत नाहीत. तुळशी म्हणाली, माझा अंगठा आहे, मला शिक्षा करा. साहेब म्हणाले, मी काही ऐकलेलं नाही, घरी जा. हीच त्यांची दया. एकतीस मार्च येऊन गेला. उत्तर एप्रिलच्या अखेरीस आलं. अर्ज नामंजूर, अकरा हजार व्याजापोटी जमा, येणे बाकी अमुक, न भरल्यास जप्ती.

त्या संध्याकाळी दहा जणी माझ्याभोवती बसल्या. कोणी कोणाला दोष दिला नाही. दिला असता तर मला बरं वाटलं असतं. सुकरी आपला अंगठा पदराला पुसत होती, जणू डाग आहे आणि निघेल. तेहेतीस हजार ज्याचे त्याला परत गेले, पण त्यावरचं व्याज नाही गेलं.

पावसाळ्यात गटाची वही बंद झाली. माझ्यावर गोणपाट टाकलं. जप्ती टळावी म्हणून जिजानं जन्मात पहिल्यांदा भट्टीवाल्याकडून आगाऊ मजुरीचा बयाणा घेतला आणि तो तसाच नेऊन बँकेत भरला. एक कर्ज फेडायला दुसरं. फरक एवढाच, की बँकेला पैसे लागतात आणि भट्टीवाल्याला माणसं.

मित्रांनो, एवढंच मागते. वस्तू आणाल तर तिला तेल द्या, फडक्यानं पुसा, उंदरांपासून जपा, ते तर आहेच. पण जिच्यासाठी कागद केला त्या कागदालाही जपा. त्यावर आपलाच अंगठा द्या, आणि हातावर रेघा असतानाच द्या.

आज दिवाळी होऊन आठ दिवस झाले. खाली रस्त्यावर भट्टीचा ट्रक हॉर्न देतोय. हर्षाली आता बारा वर्षांची आहे. चुलीची भांडी बांधलेलं गाठोडं मांडीवर घेऊन ती माझ्या ओट्यावर बसली आहे, आणि शाळेचं दप्तर तिनं माझ्या मागे, पावत्यांच्या खिळ्याला अडकवलंय. तिचा चेहरा बघवेना, म्हणून मी तिला पुढची गोष्ट सांगायला लागले.

मी म्हटलं, अगं, कशाला रडतेस? तुला बातमी कळली नाही वाटतं. वरच्या कार्यालयातले मोठे साहेब काल स्वतः आले होते. त्यांनी सुकरीचा अंगठा हातात घेतला, बघितला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, हा अंगठा खरा, बाकी सगळे कागद खोटे. तिथल्या तिथे नादेय दाखला लिहून दिला. दहा जणींना दहा दाखले. भट्टीवाल्याचा बयाणाही त्यांनीच परत केला. तो ट्रक तुमच्यासाठी नाही, तो नागली न्यायला आलाय. सोमवारी मी सुरू होणार. सहा पाड्यांची रांग लागणार. तू शाळेतून आलीस की माझ्या तोंडात डोकावून आवाज काढ, मी तसाच आवाज परत देईन. पट्टा चढवायचा, बटन दाबायचं, की मी अशी घरघरेन, अशी घरघरेन की तोरंगणचा वाकडा साग सरळ उभा राहील.

हर्षालीनं सगळं ऐकून घेतलं. मग गाठोडं खाली ठेवलं, वाकली आणि माझ्या अंगावरचं गोणपाट एका बाजूनं उचललं. खाली सिमेंटच्या चौथऱ्यात चार बोल्ट उभे होते, त्यांच्यामध्ये काही नव्हतं.

"खोटी," ती म्हणाली. "तुझ्यात मोटारच नाय."