चष्मा कोणाचा?

शिबिराहून मूल घरी आलं की आई आधी बॅग उघडते, मग मुलाकडे बघते. बाटली कुठे? स्वेटर कुठे? दुसरा मोजा कुठे? पोरगं खांदे उडवतं. आई शिबिरवाल्यांना फोन लावून तोंडसुख घेते. नागरिकहो, हा प्रसंग तुमच्या घरी घडला नसेल तर तुम्हाला मुलं नाहीत, असंच म्हणावं लागेल!

अशा फोनांना एका शाळेतल्या उन्हाळी शिबिराच्या ताई अगदी कंटाळल्या होत्या. ताई मूळच्या नाटकवाल्या. आवाज खणखणीत, हसणं त्याहून खणखणीत. शिबिर संपत आलं की त्या सापडलेल्या वस्तूंचा 'दरबार' भरवायच्या. डोक्यावर कागदी मुकुट घालून त्या खुर्चीवर बसायच्या, एकेक वस्तू उंच धरायच्या आणि विचारायच्या, "कोणाची ही?" ज्याची असेल त्यानं सगळ्यांसमोर यायचं, गाणं म्हणायचं, नाचायचं किंवा कोंबड्यासारखं आरवायचं, मगच वस्तू मिळायची. शिबिरातली ही सगळ्यांत लाडकी परंपरा, असं ताई सांगायच्या.

तरी दरवर्षी निम्मा ढीग तसाच उरायचा. चांगल्या बाटल्या, नवेकोरे बूट! मुलांना वस्तूंची किंमतच नाही, म्हणून ताई हळहळायच्या.

यंदा ढिगात एक चष्मा होता. निळ्या काड्यांचा, जाड भिंगांचा. तो चिमणीचा आहे, हे शेंबड्या पोरानंही सांगितलं असतं. चिमणी म्हणजे आठ वर्षांची एक मुलगी. आवाज इतका बारीक की हजेरीलाही दोनदा नाव पुकारावं लागे, म्हणून मुलांनी हे नाव ठेवलेलं.

दरबारात ताईंनी चष्मा उंच धरला. "कोणाचा?"

कोणीच उठेना.

"चिमणे, तुझाच ना गं?"

"नाही ताई."

"अगं, मग तुझा कुठे आहे?"

चिमणीनं मान खाली घातली. ताईंना काही कळेना. पण नियम म्हणजे नियम, आणि माझा नाही म्हणणाऱ्या मुलीला चष्मा द्यायचा तरी कसा? तो ढिगात परत गेला.

संध्याकाळी समारोपाच्या नाटकाची तालीम झाली. चिमणीला एकही वाक्य नव्हतं. कंदील घेऊन तीन पायऱ्या उतरायच्या, एवढंच काम. त्या कामासाठी ती रोज सगळ्यांच्या आधी येऊन उभी राहायची. त्या दिवशी मात्र ती पावलानं पायरी चाचपत उतरू लागली, शेवटची चुकली आणि कंदिलासकट धाडकन पडली. गुडघा सोलवटला.

"अगं, चष्मा घाल ना! ऑफिसात पडलाय तो," ताई तिला उचलत म्हणाल्या.

"तो माझा नाही."

"असं दिसत नसेल तर उद्या कंदील दुसऱ्या कोणाला तरी द्यावा लागेल मला."

चिमणीनं कंदील पुढे केला. "द्या," ती म्हणाली.

ताईंचं डोकं चक्रावलं. स्वतःच्या वस्तूला माझी नाही म्हणायचं, वर जिवापाड जपलेलं कामही सोडायचं! ही मुलगी हट्टी, खोटारडी, की आणखी काही?

पोहायला शिकवणाऱ्या पाणीसरांपुढे त्यांनी हे सगळं मांडलं. पाणीसर मितभाषी माणूस. त्यांनी ऐकून घेतलं आणि ते म्हणाले, "उद्या सकाळी तलावापाशी पुन्हा दरबार भरवू. पण राजा मी."

"वा! भरवा की," ताई खूश झाल्या.

सकाळी ताईंना स्कूटरची चावी सापडेना. पर्स उलटी करून झाली, ऑफिसचे खण उपसून झाले. तोवर तलावापाशी सगळे जमले. पाणीसरांच्या मोठ्या डोक्यावर मुकुट फाटला, पोरं हसली. सरांनी खिशातून एक चावी काढून उंच धरली.

"कोणाची ही?"

"माझी!" ताई टाळ्या पिटत पुढे झाल्या. "चोर कुठले! बोला, कोणतं गाणं म्हणू?"

"गाणं तुम्हाला आवडतं. गाणं नको," सर तलावाकडे बोट दाखवून म्हणाले, "उडी मारा आणि चावी घ्या."

पाण्याची ताईंना भयंकर भीती. इतक्या वर्षांत तलावाची पहिली पायरीसुद्धा त्या उतरल्या नव्हत्या. ही गोष्ट त्यांनी कधी कोणाला कळू दिली नव्हती. पण सरांपासून ती लपणार कशी?

"उडी! उडी! उडी!" पोरांनी ताल धरला.

ताई दोन पावलं मागे सरकल्या. हसावं की ओरडावं, त्यांना सुचेना.

"अहो... थांबा जरा. नीट बघते," त्या चाचरल्या. "ही माझी नसेल बहुतेक. माझी... माझी नाही ही."

अरेच्चा! हे आपण काय बोललो? सगळी पोरं खिदळत होती. एकटी चिमणी हसत नव्हती. डोळे बारीक करकरून ती ताईंकडे बघत होती.

सरांनी लगेच चावी ताईंच्या हातात ठेवली आणि ते हळूच म्हणाले, "तुम्हाला गायला मजा येते, म्हणून सगळ्यांनाच येत असेल असं वाटलं तुम्हाला. ज्यांना येत नाही ते काय करणार? वस्तू सोडून देतात."

"पण परंपरा आहे हो ती! सगळे किती हसतात!"

"हसतात ना. पण ज्याच्यावर हसतात त्याला कधी विचारलंत?"

ताई तडक ऑफिसात गेल्या.

त्यांनी उरलेल्या सगळ्या वस्तू एका रिकाम्या वर्गातल्या बाकांवर मांडल्या, दार उघडं ठेवलं आणि मुलांना सांगितलं, "ज्याचं त्यानं घेऊन जा. कोणी काही विचारणार नाही." जेवणाच्या सुट्टीपर्यंत बाकं मोकळी झाली.

चष्मा मात्र त्यांनी स्वतः नेला. चिमणी रंगमंचामागे एकटी बसली होती.

"हा तुझा आहे. माझं चुकलं, बाळा."

चिमणी गोंधळली. "गाणं म्हणायचं?"

"नाही."

"मग नाच?"

"काहीसुद्धा नाही. घे."

तिनं चष्मा फ्रॉकला पुसला, डोळ्यांवर चढवला आणि ताईंकडे पाहिलं. "ताई, तुम्ही रडताय?"

"हो गं," ताई म्हणाल्या. "आणि कंदील तूच धरायचास."

नागरिकहो, शिबिराचं राहू द्या. घरी पाहुणे आले की आपणही मुलापुढे खाऊ धरून म्हणतो, "आधी कविता म्हणून दाखव." मूल दाराआड लपतं, आपण हसतो आणि त्याला लाजाळू म्हणून मोकळे होतो. जे मुलाचं आहे ते त्याला सरळ द्यावं. त्याला वाटलं तर ते आपणहून गाईल; आणि नाही गायलं, तरी खाऊ त्याचाच आहे!