पंधरा दिवस

सोमवार, १६ एप्रिल १९७३. सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी झाशीत लक्ष्मी गेटच्या आतल्या गल्लीत पोस्टमननं सायकल भिंतीला टेकवली आणि एक लांबट लिफाफा जनार्दनरावांच्या हातात ठेवला. त्यांनी तो दारातच उभ्या उभ्या फोडला, आतला कागद वाचला, पुन्हा एकदा वाचला, होता त्याच घडीवर दुमडला आणि बंडीच्या आतल्या खिशात सरकवला.

"काय आलं हो?" स्वयंपाकघरातून यमुनाबाईंनी विचारलं.

"पेन्शनचं."

"महिन्याच्या मधेच?"

"सरकार आहे. त्याला मध्य काय आणि अखेर काय."

पत्र कॅनडाच्या दिल्लीतल्या कचेरीचं होतं. इंग्रजी मोजकं आणि सभ्य. अर्जांची संख्या फार मोठी असल्यामुळे आपली सून सौ. कमलिनी यांची मुलाखत १९७४ सालच्या अखेरीपूर्वी होण्याची शक्यता नाही. दरम्यान स्मरणपत्रं पाठवू नयेत. त्यांमुळे काम लवकर होत नाही.

जनार्दनरावांनी आतापर्यंत एकोणीस स्मरणपत्रं पाठवली होती. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी एक.

साडेबाराला कमलिनी शाळेतून आली. उन्हाळ्याची सकाळची शाळा होती. पदरानं कपाळ टिपत तिनं रोजचा प्रश्न विचारला.

"मामंजी, गाडी कुठवर आली?"

"आउटरला उभी आहे. सिग्नल पडायचा अवकाश. पंधरा दिवस धर."

"मागच्या महिन्यातही आउटरलाच होती."

"मोठं स्टेशन आहे. गर्दी असते."

ती हसली आणि माठाकडे वळली. जनार्दनरावांचा हात बंडीच्या खिशाकडे गेला आणि परत आला.

कमलिनी भुसावळच्या रेल्वे वसाहतीत वाढलेली. आउटर म्हणजे स्टेशनात शिरण्याआधीचा सिग्नल, हे तिला समजावून सांगावं लागत नव्हतं. सासऱ्यांना मामंजी आणि सासूला आत्याबाई म्हणण्याची या घराची जुनी रीत मात्र तिला इथं येऊन शिकावी लागली. जानेवारी एकाहत्तरमध्ये दत्तात्रेयाशी तिचं लग्न झालं. सातव्या आठवड्यात तो कॅनडाला, तिथल्या पोलाद कारखान्यात रुजू व्हायला गेला. जूनमध्ये तिच्या कायमच्या वास्तव्याच्या व्हिसाचा अर्ज गेला. तीन-चार महिन्यांचं काम, असं जो तो म्हणाला.

त्याला आता बावीस महिने झाले होते. एवढ्या काळात कमलिनीनं आपली ट्रंक पुरती कधी रिकामी केली नाही. रोजच्या चार साड्या तेवढ्या वर, बाकीच्या डांबरगोळ्यांसह आत. वाचनालयाची वर्गणी ती महिन्याची भरायची, वर्षाची नाही. बडा बाजारातल्या मुलींच्या शाळेत ती शिकवायची, तेही कुणी बाळंतपणाच्या रजेवर गेली की तिच्या जागी. यमुनाबाई वर्षाचं लोणचं दोघांच्या मापानं घालत, कारण तिसरी तोवर गेलेली असणार. दोन्ही वर्षी बरणी संक्रांतीलाच खरवडावी लागली.

"भाजीत नमक कमी झालंय का गं?" यमुनाबाई पानावर विचारत.

"मीठ, आत्याबाई. नमक नाही."

"दोनशे वर्षं झाली आम्हाला इथं येऊन. तुमचं मीठ वाटेत ओरछ्यालाच संपलं."

अशी थट्टा रोज चाले. कमलिनी गप्प असेल त्या दिवशी यमुनाबाई मुद्दाम दोन शब्द जास्त हिंदी बोलत.

जनार्दनरावांनी एकतीस वर्षं झाशीच्या कंट्रोल ऑफिसात काढली होती. कानाला टेलिफोन लावून, समोरच्या तक्त्यावर पेन्सिलीनं रेघा ओढत, एकवीस स्टेशनांवरच्या गाड्या हाकायच्या, हे काम. गाडी कुठंही पाच मिनिटं अडली तरी ते कारण विचारत आणि नोंदवत. त्यांच्या हाताखालच्या स्टेशनमास्तरांना त्यांची एक गोष्ट पाठ होती. एकदा एका लहान स्टेशनावर लग्नाचं वऱ्हाड सहा तास उपाशी बसलं, कारण मास्तर दर खेपेला 'अर्धा तास' सांगत राहिला. त्याचा हेतू वाईट नव्हता. नवरीची आई रडत होती, तिला धीर द्यायचा होता. जनार्दनरावांनी त्याचा रिपोर्ट केला. त्यात लिहिलं होतं, की सहा तास सांगितले असते तर त्या लोकांनी तिथंच चूल मांडली असती.

त्या मास्तरचं नाव त्यांना आता आठवत नव्हतं. चेहरा मात्र गेले काही दिवस आठवत होता.

बुधवारी, नऊ मेला, कमलिनी शाळेतून उशिरा आली. चप्पल काढता काढता म्हणाली, "बडी बहनजींनी थांबवून घेतलं होतं."

बडी बहनजी म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका.

"काही चुकलं का?" यमुनाबाईंनी विचारलं.

"नाही. गणिताच्या बाई सोडून चालल्यात, कानपूरला. ती कायमची जागा मला देतायत." तिनं पाण्याचा तांब्या घेतला, पण प्यायली नाही. "एक अट आहे. पुढचं सबंध सत्र सोडून जाणार नाही, असं लिहून द्यायचं. जुलै ते मे. शनिवारी चारच्या आत."

"मग दे की लिहून."

"आणि पंधरा दिवसांनी बोलावणं आलं तर? शब्द देऊन मोडायचा? बहनजींनी इतक्या जणींतून मला निवडलंय." ती जनार्दनरावांकडे वळली. "मामंजी, थट्टा नाही. खरंच पंधरा दिवसांत येईल का?"

जनार्दनराव अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. खांड निसटून फरशीवर गेलं. ते वाकून शोधत राहिले.

"शनिवारपर्यंत वेळ आहे ना," ते खालूनच म्हणाले. "बघू."

"मग मी नाहीच म्हणते," कमलिनी म्हणाली. "इतकं थांबले, आता कशाला खोटा शब्द द्यायचा."

दुसऱ्या दिवशी ते जेवले नाहीत. पित्त झालंय म्हणाले. यमुनाबाईंनी आमसुलाचं सार केलं, तेही तसंच राहिलं.

शुक्रवारी दुपारी चारला ते स्टेशनावर गेले. निवृत्तीनंतर आठवड्यातून एकदा तरी जात; काम काही नसे. एक नंबरच्या फलाटावर, पाण्याच्या नळाजवळच्या बाकावर चिरगावकडची एक बाई गाठोड्यावर हात ठेवून ताठ बसली होती. शेजारी तिची सून असावी, मांडीवर मूल.

"भैयाजी, ज़रा पूछ दो, गाड़ी कित्ती लेट है," ती म्हणाली. "दो बजे से आधा घंटा, आधा घंटा कर रहे हैं। न खा सकें, न उठ सकें।"

जनार्दनराव चौकशीच्या खिडकीशी गेले. आतल्या माणसानं त्यांना ओळखलं आणि तो उभा राहिला.

"कंट्रोल से पूछा?"

"पूछा, बाबूजी। अभी साढ़े तीन घंटे और लगेंगे।"

"फिर बोर्ड पर आधा घंटा किसने लिखा?"

"एकदम से लिख दो तो पब्लिक का दिल बैठ जाता है।"

"लिखो," जनार्दनराव म्हणाले.

तो खडू घेऊन बाहेर आला. बाईला वाचता येत नव्हतं. सुनेनं वाचून सांगितलं. जनार्दनराव बाईच्या तोंडाकडे पाहत होते. बाईनं आधी चौकशीच्या खिडकीला दोन शिव्या दिल्या. मग कंबरेवर हात ठेवून उठली, पाय झाडले आणि सुनेला म्हणाली, "चल, साढ़े तीन घंटे में तो बाज़ार हो आएँगे। मुन्ने का झबला ले लेंगे।" गाठोडं एका हमालाकडे ठेवून दोघी गेल्या. नातवाला तिनं आता खांद्यावर घेतलं होतं.

जनार्दनराव त्या रिकाम्या बाकावर थोडा वेळ बसले आणि मग चालतच घरी आले.

सहा वाजले होते. अंगणात पाणी शिंपडून झालं होतं. कमलिनी वह्या तपासत बसली होती. त्यांनी बंडीच्या खिशातून कागद काढून तिच्यासमोर, उघड्या वहीवर ठेवला. घामानं घड्या मऊ पडल्या होत्या.

तिनं वाचलं. मग वरची तारीख पाहिली.

"कधी आलं हे?"

"सोळा एप्रिलला."

"आज अकरा मे."

"हो."

"पंचवीस दिवस." ती तांबडी पेन्सिल बोटांत फिरवत होती. "मामंजी, मी दर आठवड्याला ह्यांना लिहीत होते. पंधरा दिवस, पंधरा दिवस. ह्यांनी मोठी खोली घेतली तिकडे. दुसरी खाट आणून ठेवली. गादीला कुठला रंग हवा, विचारत होते."

जनार्दनराव समोर खाली बसले.

"पत्र तुमच्या नावानं आलं, म्हणून ते तुमचं झालं?"

"नाही. तुझंच होतं."

"मग का नाही दिलंत?"

"दारातून आलीस की तू हसून विचारायचीस," ते म्हणाले. "तेवढंच."

कमलिनी उठली आणि मागच्या दारी गेली. बराच वेळ विहिरीच्या रहाटाचा आवाज येत राहिला. घरात पाणी भरलेलं होतं. यमुनाबाई चौकटीत येऊन उभ्या राहिल्या.

"हेच का ते पेन्शनचं?"

"हेच."

"मला वाटलंच होतं. पेन्शनच्या पत्रानं कुणाला पित्त होत नाही." त्या मागच्या दाराकडे पाहत होत्या. "तिच्याजवळ आत्ता जाऊ नका. रागवू दे. तो तिचा हक्क आहे."

आठच्या सुमाराला कमलिनी आत आली आणि पानावर बसली. पहिली भाकरी खाल्ली. दुसरी खाल्ली. तिसरीला तिनं स्वतः हात पुढे केला. यमुनाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं आणि भाकरी वाढली.

"दीड वर्ष," कमलिनी भाकरीचा तुकडा मोडत म्हणाली. "कमीत कमी दीड वर्ष."

"कमीत कमी," जनार्दनराव म्हणाले. "जास्तीचं मला माहीत नाही."

"हे आधी म्हणाला असतात, तर मी सहावीच्या वर्गाला अपूर्णांक पहिल्यापासून शिकवले असते. कोण जाणे कधी जावं लागेल, म्हणून भराभर उरकले. पोरींचे सगळे कच्चे राहिलेत." तिनं ताटातलं मीठ बोटानं कडेला सारलं. "आत्याबाई, नमक जास्त झालंय."

यमुनाबाईंनी पदर तोंडाला लावला.

शनिवारी बारा मेला दुपारी तीनला कमलिनीनं बडी बहनजींच्या टेबलावर लिहून दिलं आणि सही केली. तिथून पोस्टात जाऊन दत्तात्रेयाला पत्र टाकलं. त्यात काय होतं, ते तिनं घरात सांगितलं नाही. रविवारी तिनं ट्रंक उपसली. साड्या दिवसभर दोरीवर वाऱ्याला होत्या. डांबरगोळ्यांच्या वासानं शेजारचे शिंकत होते. संध्याकाळी जनार्दनरावांचं इंग्रजी पत्रांचं पॅड मागून घेऊन ती ओसरीवर बसली.

"स्मरणपत्र नको म्हणालेत ते," जनार्दनरावांनी दबकत सांगितलं.

"स्मरणपत्र नाहीच." लिहून झाल्यावर तिनं कागद त्यांच्यापुढे धरला. "इंग्रजी तेवढं बघा. मजकुराला हात लावायचा नाही."

त्यांनी चष्मा लावला. पत्र लहान होतं. माझी शाळा ९ जुलै १९७३ ते २० मे १९७४ आहे. मुलाखत त्याआधी ठेवायची झाल्यास ती दसरा-दिवाळीच्या सुटीत ठेवावी. एरवी कामाच्या दिवशी मला येता येणार नाही.

"अगं, असं लिहितात का कुणी?" ते म्हणाले. "त्यांच्या सवडीनं आपण जायचं असतं. चिडून फाइल तळाशी घातली तर?"

"आत्ता कुठे आहे?"

जनार्दनरावांनी पुढची ओळ वाचली. ती शेवटची होती. यापुढचा सर्व पत्रव्यवहार कृपया माझ्या सासऱ्यांच्या नावे न करता माझ्या नावे करावा.

ती ओळ त्यांनी किती वेळा वाचली, हे कमलिनीनं पाहिलं नाही. ती दोरीवरच्या साड्या काढायला उठली होती. त्यांनी चष्मा काढून पुसला. इंग्रजीत एक चूक होती, ती पेन्सिलीनं बारीक सुधारली. मग लिफाफ्यावर दिल्लीचा पत्ता आपल्या वळणदार अक्षरात लिहिला, आणि पाठवणाऱ्याच्या जागी, तितक्याच मोठ्या अक्षरात, सौ. कमलिनी.

सोमवारी सकाळी दहा वाजता पोस्ट उघडलं तेव्हा रांगेत पहिले तेच होते. पत्र रजिस्टर करून त्यांनी पावती कमलिनीला आणून दिली.

चोवीस मेला पोच आली. तिच्यावर शिक्का होता, आणि एक सही, ती कुणाची ते लागत नव्हतं. नऊ जुलैला शाळा उघडली. सहावी 'ब'मध्ये सत्तेचाळीस मुली आहेत आणि अपूर्णांक पहिल्यापासून चालू आहेत. दिल्लीहून जुलैअखेरपर्यंत काही कळलेलं नाही.